कूलर बिघडला तर कुठून सुरुवात करायची

एप्रिल लागला की सकाळी साडेसातलाच फोन सुरू होतात. "भाऊ, मोटर गुणगुण करून राह्यली, पंखा नाही फिरून राह्यला." "काल रातच्यापासून पाणीच नाही चढून राह्यलं." आणि मधूनच एखादा फोन असा येतो की बोलणाऱ्याच्या आवाजात काळजी अजिबात नसते: "चालते तसा चांगला. फक्त हात लावला का थोडी झिणझिण येते."

पहिल्या दोघांना मी सांगतो, संध्याकाळपर्यंत येतो. तिसऱ्याला सांगतो, बोर्डाचं बटन बंद करा, टॉप (वायरीच्या टोकाचा पिनांचा प्लग) काढा, लेकरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका, मी निघालोच.

मी वायरमनचा आयटीआय केला आणि दर्यापूरच्या आसपासच्या गावांत कूलर, पंखे, घरातली वायरिंग हीच कामं करतो. हा आमचा खारपाण पट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातलं, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या काही भागातलं बोअरचं पाणी इतकं खारं की कूलरच्या टाकीला दोन उन्हाळ्यांत भोकं पडतात. त्या पाण्याचा आणि विजेचा संबंध पुढे येईलच. ज्यांनी आजवर कूलरची मागची जाळीसुद्धा काढलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास जातो, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असतं आणि मेकॅनिक दोन दिवस फिरकत नाही. अशा वेळी घरातल्या कुणालातरी यातलं निम्मं काम नक्की जमू शकतं. उरलेलं निम्मं करायचं नाही, हेही त्याच माणसाला कळलं पाहिजे.

यंत्र साधंच आहे

कूलरच्या पोटात विजेवर चालणाऱ्या दोनच वस्तू असतात. पंख्याची मोटर आणि पाणी चढवणारा छोटा पंप. दोघांची बटनं वेगळी, पण भिंतीकडून येणारी वायर एकच. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: दोन्ही बंद आहेत की एकच? दोन्ही बंद असतील तर दोष बहुतेक बाहेर असतो, म्हणजे लाईन, बोर्ड, टॉप किंवा वायर यांपैकी कुठेतरी. एकच बंद असेल तर दोष त्या एकाच्या वाटेवर. एवढ्याने अर्धा शोध संपतो.

टॉपमध्ये तीन वायरी येतात: फेज (करंट आणणारी), न्यूट्रल (करंट परत नेणारी) आणि अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी). फेज म्हणजे लाल किंवा तपकिरी, न्यूट्रल काळी किंवा निळी, अर्थिंग हिरवी किंवा हिरवी-पिवळी. पण खेड्यात वायरिंग करताना हाताशी जी वायर असेल ती ओढलेली असते, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवू नका. बोर्डाकडे तोंड करून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं असायला हवं. टॉपची अर्थिंगची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. ती आधी आत शिरते आणि शेवटी बाहेर येते, म्हणजे जोडताना किंवा काढताना कूलरची बॉडी क्षणभरही अर्थिंगशिवाय राहत नाही. "भोकात बसत नाही" म्हणून ही पिन पक्कडीने मोडलेले टॉप मी दर उन्हाळ्यात पाहतो. पिन मोडू नका, बोर्डाचं सॉकेट बदलून घ्या.

हत्यारं फार लागत नाहीत. टेस्टर, पेचकस, पक्कड, आणि एक स्वस्तातला डिजिटल मीटर, ज्याने ओहम आणि व्होल्ट दोन्ही मोजता येतात. पायात कोरडी रबरी चप्पल, खाली कोरडा लाकडी पाट.

आणि एक नेम. कूलरच्या आत हात घालण्याआधी बटन बंद करणं पुरेसं नाही, टॉप बोर्डातून बाहेर पाहिजे. कित्येक घरांत बोर्डाचं बटन चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बटन बंद केलं की पंखा थांबतो, पण फेज आतपर्यंत तसाच पोचलेला असतो. टॉप काढून तो आपल्या डोळ्यांसमोर, कूलरच्या वरच ठेवायचा. दुसऱ्या खोलीतून कुणी येऊन "बंद दिसते" म्हणून लावू नये म्हणून.

झिणझिण: सगळं सोडून हे आधी

मी आयटीआयच्या पहिल्या वर्षाला होतो. मावशीच्या घरच्या कूलरच्या पंपाची वायर तुटली, मी दोन टोकं पिळून त्यावर टेप गुंडाळला. जोड टाकीच्या काठाच्या चार बोटं वर होता. कूलर मागच्या खिडकीत, त्याची पाठ खिडकीच्या गजाला टेकलेली, आणि त्याच गजाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली. आठवड्याभरात गवतातून गळणाऱ्या पाण्याने टेप सुटला. मावशी अंगणात ओलं लुगडं तारेवर टाकायला गेली आणि मागे फेकली गेली. पायात चप्पल होती आणि धक्क्याने हात सुटला, म्हणून ती वाचली. कूलरला तिचा हातसुद्धा लागला नव्हता. करंट बॉडीतून गजात, गजातून तारेत आणि तारेतून लुगड्यात आला होता.

तेव्हापासून मी कुठल्याही घरी गेलो की आधी कूलर कशाकशाला टेकला आहे ते पाहतो. खिडकीचे गज, लोखंडी स्टँड, टिनाचं पत्र्याचं शेड, कपड्यांची तार, जवळून गेलेला नळाचा लोखंडी पाइप. हे सगळं त्या कूलरचंच अंग समजायचं. कपड्यांची तार काढून तिथे नायलॉनची दोरी बांधा, हे काम आज करता येतं आणि त्याला वायरमन लागत नाही.

आता तपासणी. टॉप बाहेर काढा आणि टाकीतलं पाणी तसंच राहू द्या, कारण दोष बहुधा पाण्यातच लपलेला असतो. कूलरवरची दोन्ही बटनं, पंख्याचं आणि पंपाचं, चालू स्थितीत ठेवा. टॉप बाहेर असल्यामुळे काहीच चालणार नाही, पण आतली वाट मात्र मीटरला मोकळी मिळेल. मीटर ओहमच्या सगळ्यात मोठ्या पल्ल्यावर ठेवा. एक पिन कूलरच्या बॉडीला लावा. जिथे लावायची तिथला रंग आधी पेचकसने खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या, कारण रंगातून करंट जात नाही आणि मीटर खोटं बोलेल. दुसरी पिन टॉपच्या फेजच्या पिनेला, मग न्यूट्रलच्या पिनेला लावा.

मीटरवर डाव्या कोपऱ्यात नुसता १ दिसला किंवा ओएल अशी अक्षरं आली तर वाट बंद आहे, म्हणजे चांगलं. कुठलाही आकडा स्थिर झाला तर करंट बॉडीकडे झिरपतो आहे. मग पंपाच्या दोन्ही वायरी त्याच्या बटनाकडून सोडवा आणि पुन्हा तपासा. आकडा गेला तर दोषी पंप. खात्रीसाठी तोच पंप प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात बुडवा, मीटरची एक पिन पंपाच्या वायरीला, दुसरी नुसती पाण्यात. आकडा आला म्हणजे आतलं सील गेलं आहे, पंप फेका. आकडा तसाच राहिला असेल तर मोटरच्या वायरी सोडवून बघा. तरीही राहिला तर वायर जिथे पत्र्याच्या भोकातून आत शिरते ती जागा पाहा. पत्र्याची धार वायरीला महिनोन् महिने कापत असते, मोटर थरथरली की आणखी कापते. तिथे रबराची रिंग हवी, ती नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बसवा.

आपल्या हातातल्या डिजिटल मीटरची बॅटरी लहान असते. ओलाव्यातली बारीक गळती त्याला कधी कधी दिसत नाही, ती ५०० व्होल्टच्या मेगरवर (बारीक गळती तपासायच्या यंत्रावर) दिसते. म्हणून झिणझिण जाणवली आहे पण मीटर १ दाखवतो आहे, असं झालं तर जाणवलेलं खरं धरायचं आणि कूलर मेकॅनिककडे न्यायचा.

टेस्टरबद्दल सांगायलाच हवं. बॉडीला टेस्टर लावला आणि दिवा लागला, तर थांबा. नाही लागला, तर त्याचा अर्थ "सुरक्षित" असा काढू नका. भर उन्हात मिणमिणता दिवा दिसत नाही, आणि तुम्ही कोरड्या पाटावर उभे असाल तर तो मिणमिणतोच.

आता दोन घातक उपाय. गावोगावी ते अगदी विश्वासाने सांगितले जातात, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

पहिला उपाय, "पिन उलटी लाव, करंट बंद होते." दोन पिनांचा टॉप उलटा लावला की झिणझिण खरोखर जाते. कारण गळतीच्या जागेवर आता फेजऐवजी न्यूट्रल आलेला असतो. गळती जागच्या जागी आहे. उद्या कुणी झाडताना टॉप काढून सुलटा लावला, किंवा डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला, की अख्खी बॉडी जिवंत.

दुसरा उपाय, बोर्डात अर्थिंग नाही म्हणून अर्थिंगच्या भोकातून वायरीचा तुकडा घेऊन न्यूट्रलला जोडणं. काही शिकलेले लोकही हे करतात. न्यूट्रल कुठेही सैल झाला, खांबावर, मीटरजवळ किंवा बोर्डात, की २३० व्होल्ट मोटरमधून फिरून त्या तुकड्यावाटे थेट कूलरच्या पत्र्यावर येतात. अशा जोडणीपेक्षा अर्थिंग नसलेलं बरं, आणि अर्थिंग नसणंही बरं नाहीच.

अर्थिंग आणि आरसीसीबी

कूलरकडून टॉपपर्यंतची अर्थिंग तुम्ही स्वतः तपासू शकता. मीटर आवाजाच्या खुणेवर ठेवा, एक पिन टॉपच्या मोठ्या पिनेला, दुसरी खरवडलेल्या बॉडीला. बीप वाजली पाहिजे. बऱ्याच कूलरमध्ये ही तिसरी वायर आत आणून नुसती कापून सोडलेली असते. ती बॉडीच्या स्वच्छ खरवडलेल्या जागी नटबोल्टने आवळा.

पुढची, म्हणजे बोर्डाकडून जमिनीपर्यंतची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. घराची अर्थिंग म्हणजे साधारण अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप जमिनीत उभा गाडून त्याभोवती कोळसा आणि मीठ भरलेला खड्डा. आपल्या काळ्या मातीत एक अडचण आहे. पावसाळ्यात ही माती ओलावा धरते तेव्हा अर्थिंग उत्तम असते. मार्चनंतर तीच माती भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि नेमकं कूलर चालू असण्याच्या महिन्यांत अर्थिंग कमजोर होते. म्हणून उन्हाळ्यात दर आठवड्याला त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. खारं पाणी चालेल. आमच्याकडे धुण्याचं पाणी तिकडेच वळवलेलं असतं.

आणि ज्यांच्या घरी मेनवर नुसता एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटन) आहे, त्यांनी तो आपल्याला शॉकपासून वाचवेल असं समजू नये. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचं हृदय बंद पडायला एका अँपिअरचा दहावा भाग पुरतो, तेवढ्याने एमसीबी हलतसुद्धा नाही. त्यासाठी आरसीसीबी वेगळा मिळतो, ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो सतत तोलत असतो, आणि फरक दिसला की पापणी लवेपर्यंत लाईन तोडतो. त्यावर टेस्टचं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. आरसीसीबी बसवल्यापासून सारखा पडतो अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि तो काढून टाका म्हणतात. तो पडतो कारण घरात कुठेतरी गळती आहे. ती शोधा, आरसीसीबी राहू द्या.

आमच्या खारपाण पट्ट्यात हे सगळं आणखी जपावं लागतं. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा करंट फार सहज वाहून नेतं. जोडांवर, बटनांमागे पांढरी पूड साचते. ती कोरडी असते तोवर गप्प असते, कूलरचा ओलावा लागला की तीच करंटची वाट होते. पंधरा दिवसांतून एकदा टॉप काढून कोरड्या ब्रशने ती झाडायची.

काहीच चालत नाही

शेजारी लाईन आहे का ते बघा. हे हसण्यावारी नेऊ नका, मी यासाठी बारा किलोमीटर गेलेलो आहे. शेजारी असेल तर आपल्या घरचा एमसीबी किंवा फ्यूज पाहा. फ्यूज उडाला असेल तर त्यात फ्यूजचीच तार घाला. वायरीचे जाड तांब्याचे पदर पिळून घातले तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी भिंतीतली वायर जळेल.

मग त्याच बोर्डात दुसरी वस्तू लावा, मोबाइलचा चार्जर किंवा टेबल फॅन. चालली तर बोर्ड ठीक.

चालली, पण मंद चालली, तर व्होल्टेज मोजा. संध्याकाळी सातला गावात सगळे कूलर एकदम सुरू होतात आणि डीपीपासून लांबच्या घरांत १६० व्होल्टही मिळत नाहीत. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. २३० चे १६० झाले की ताकद तीस टक्के कमी होईल असं वाटतं, प्रत्यक्षात ती निम्म्यावर येते. मग मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि तापते. अशा वेळी कूलरमध्ये दोष शोधत बसू नका, बंद करून ठेवा. वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) वाचेल.

उलटंही घडतं. बल्ब एकाएकी भगभगीत पेटले, पंखे सुसाट सुटले, तर डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल गेलेला असण्याची शक्यता मोठी. त्या क्षणी कुणाच्या घरी १०० व्होल्ट तर कुणाच्या घरी साडेतीनशे येत असतात. धावत जाऊन मेन बंद करा, शेजाऱ्यांना ओरडून सांगा, महावितरणला १९१२ वर फोन लावा. डीपीची पेटी स्वतः उघडू नका, कुणाला उघडू देऊ नका. खांब, सर्व्हिस वायर आणि मीटर या तिन्हींचं काम लाईनमनचं.

लाईन ठीक असेल तर टॉप उघडा. नव्वद टक्के वेळा दोष तिथे दिसतो असं आमच्या धंद्यातले लोक म्हणतात, मला तेवढा आकडा मान्य नाही, पण टॉप उघडायला दोन मिनिटं लागतात म्हणून ते आधी करायचं. काळा पडलेला स्क्रू, वितळलेलं प्लास्टिक, सुटलेली वायर. वायर नवीन कापून, चकचकीत तांबं काढून, पदर घट्ट पिळून आवळा. बोर्डाच्या सॉकेटमध्ये टॉप सैल बसत असेल तर टॉप बदलून उपयोग नाही, सॉकेट बदलावं लागेल. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर पिळून जोडलेली असते. तो जोड वर्षा-दोन वर्षांत सैल पडतो आणि तापतो. तिथे पितळी कनेक्टर लावून घ्या.

आता एक युक्ती, जिच्यामुळे कूलर न उघडताच बरंच कळतं. टॉप बाहेर. मीटर ओहमवर, पल्ला दोन हजारांचा. दोन पिना टॉपच्या फेज आणि न्यूट्रलला लावा. आता कूलरवरचं फक्त पंपाचं बटन चालू करा. आकडा आला तर वायर, बटन आणि पंपाची कॉइल सलग आहे. ते बंद करून पंख्याचं बटन चालू करा, एक एक स्पीडवर फिरवा. प्रत्येक स्पीडला आकडा यायला हवा. एकाच स्पीडला येत नसेल तर फिरत्या बटनाचा तेवढा काटा जळलेला आहे, किंवा वाइंडिंगमधून येणारी तेवढी वायर सुटली आहे. कशालाच आकडा नाही तर मुख्य वायर तुटलेली. मीटर तसाच लावून ठेवून वायर टॉपच्या गळ्याशी आणि कूलरच्या तोंडाशी हाताने वाकवून पाहा, आकडा लुकलुकला की तुटल्याची जागा सापडली.

फिरतं बटन बिघडलं तर दुरुस्त करू नका, नवं आणा. कुठली वायर कुठल्या खुणेवर होती याचा मोबाइलवर फोटो काढून मगच वायरी सोडवा.

मोटर गुणगुणते, पंखा फिरत नाही

टॉप काढा. पातं हाताने फिरवा. जड फिरत असेल, घासत असेल, तर दोष विजेचा नाही. आठ महिने गोठ्यात पडून बुश (ज्यात मोटरचा दांडा फिरतो ती कडी) सुकलेलं असतं. दोन्ही बाजूंना मशीनच्या तेलाचे तीन-चार थेंब द्या, पातं दहा-वीस वेळा फिरवा, रात्रभर ठेवा. गोडं तेल घालू नका, ते चिकट होऊन बुश आणखी धरून ठेवतं.

पातं हलकं फिरत असेल तर दोष कंडेन्सरचा, म्हणजे मोटरला वायरीने जोडलेल्या छोट्या डबीचा. मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा दुसरा वेढा असतो, त्याला करंट कंडेन्सरमधून मिळतो. कंडेन्सर मेला की मोटरला जोर असतो पण कुठल्या दिशेला जायचं ते कळत नाही, म्हणून ती जागच्या जागी गुणगुणते. अशा वेळी लोक काडीने पात्याला ढकलतात आणि पंखा फिरायला लागतो. दोष कंडेन्सरमध्ये आहे याचा तो पुरावा आहे, इलाज नाही. त्या अवस्थेत चालवलेली मोटर तापत राहते, वाइंडिंगचं वॉर्निश करपतं, आणि जिथे छोट्याशा कंडेन्सरवर भागलं असतं तिथे रिवाइंडिंगचा खर्च बसतो. शिवाय काडी निसटली तर बोटं जातात.

जुना कंडेन्सर काढण्याआधी त्यात साठलेला करंट रिकामा करायचा. होल्डरमध्ये साधा ६० वॅटचा बल्ब, त्याच्या दोन वायरी कंडेन्सरच्या दोन टोकांना दोन सेकंद टेकवा. मग त्यावरचा आकडा वाचा. कूलरच्या मोटरला बहुतेक अडीच ते चार मायक्रोफॅरडचा असतो, मोठ्या मोटरला जास्त. दुकानदार म्हणतो "मोठा टाक, पंखा जोरात फिरन." तसं करू नका, जास्त क्षमतेचा टाकला की दुसरा वेढा जळतो. मायक्रोफॅरड तेवढाच, आणि व्होल्ट ४४० लिहिलेले.

नवा लावल्यावर पंखा उलटा फिरून हवा बाहेर फेकायला लागला तर घाबरू नका, कंडेन्सरची वायर दुसऱ्या टोकाला गेली आहे. टॉप काढून फोटोशी ताडून पाहा. नवा कंडेन्सर लावूनही गुणगुणच असेल आणि मोटरजवळ करपल्यासारखा वास येत असेल, तर मोटर काढून रिवाइंडिंगवाल्याकडे द्या. पुढे घरी करण्यासारखं काही उरत नाही.

स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कूलर चालवणाऱ्यांना मोटर वेगळ्याच सुरात घुरघुरताना ऐकू येते. ती तापतेही जास्त. लाईन नसताना त्यावर छताचा पंखा चालवा, कूलर नको.

पाणी चढत नाही

पंपावर हात ठेवून थरथर जाणवते का हे चालू कूलरमध्ये हात घालून पाहायचं नसतं. बाहेरून कान द्या. बारीक घूं ऐकू येत असेल तर पंप जिवंत आहे, त्याचा पंखा अडकला आहे. टॉप काढा, पंप वर घ्या, पुढचं झाकण ओढून काढा. खारपाण पट्ट्यात आत पांढरा दगडासारखा थर सापडतो. झाकण आणि छोटा पंखा एवढंच निंबाच्या रसाच्या पाण्यात तासभर भिजवा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा. कॉइलच्या बाजूला पाणी आणि रस लावू नका.

आवाजच नसेल तर मीटर पंपाच्या दोन वायरींना लावा. आकडा आला तर कॉइल ठीक, बटन तपासा. नाही आला तर कॉइल तुटली. बहुतेक वेळा पंप कोरडा चालून जळलेला असतो, टाकी रिकामी झाली आणि रात्री कुणाला कळलं नाही. पंपाची कॉइल डांबरासारख्या पदार्थात बंद केलेली असते, ती उघडून पुन्हा बंद करता येत नाही. नवा पंप आणा.

नवा बसवताना त्याची वायर अखंड, बिनजोडाची, थेट वरच्या बटनाच्या डब्यापर्यंत न्या. वायर आखूड पडली तर जोड त्या डब्यातच, कनेक्टर लावून, पाण्यापासून वर. आणि डब्यात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून घरंगळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, बटनात शिरणार नाही. मावशीच्या घरी मी हेच केलं नव्हतं.

पाणी भरताना

पुष्कळ अपघात दुरुस्तीत नाही, पाणी भरताना होतात. अनवाणी पाय, ओली फरशी, एका हातात स्टीलची बादली, दुसरा हात कूलरच्या कडेवर. घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी पोरांनाही, एकच क्रम पाठ करून द्या: बटन बंद, टॉप बाहेर, मग पाणी. नळाला लावलेल्या पाइपनेसुद्धा याच क्रमाने.

कुणाला शॉक लागलाच तर त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन बंद. मेन लांब असेल तर कोरड्या काठीने, लाकडी पाटाने वायर किंवा माणूस दूर करा. १०८ ला फोन करा. श्वास चालू नसेल तर पाठीवर, कडक जमिनीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती दर वेळी पाच सेंटिमीटर खाली जाईल इतकं जोरात, अँब्युलन्स येईपर्यंत. कुणाला तरी आळीपाळीने बसवा, दोन मिनिटांत हात थकतात. माणूस उठून बसला, बोलायला लागला तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन हृदयाची पट्टी (ईसीजी) काढून घ्या.

मृगाचा पाऊस पडल्यावर

कूलर ठेवून देताना पंप काढून धुवून, सुकवून, पिशवीत घालून खुंटीला टांगा. टाकी पुसून दोन दिवस उन्हात ठेवा. वायर गुंडाळून कूलरच्या वर बांधा, खाली लोंबू देऊ नका. उंदीर वायरीवरचं प्लास्टिक कुरतडतात आणि दात लागलेली जागा वाकवल्याशिवाय दिसत नाही. आतल्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा: कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचा, पंप कुठल्या महिन्यात बदलला, मोटरला तेल कधी दिलं. मी सगळ्या गिऱ्हाइकांच्या कूलरमध्ये हे लिहितो, पुढच्या वर्षी माझ्याऐवजी दुसरा कुणी आला तरी त्याचा अर्धा तास वाचतो.

होळीनंतर कूलर बाहेर निघेल तेव्हा नवं गवत भरण्याआधी टाकीत दोन बोटं पाणी घाला आणि बॉडीला मीटर लावून पाहा. एकदा गवत भरून जाळ्या आवळल्या की आतली वायर कुणाला दिसत नाही, ती थेट पुढच्या होळीलाच.